फातोर्ड्याची शेवटची पाच मिनिटं

मैत्रिणींनो, आज विषय फुटबॉलचा आहे. आता तुम्ही म्हणाल, लोणची-पापड आणि मुलांचे अभ्यास सोडून या बाईंना फुटबॉल कुठून आठवला? तर त्याचं असं आहे. माझं माहेर मडगावचं, सासर सावंतवाडीचं. माहेरी फुटबॉल हा देवघराच्या खालोखाल मानाचा विषय, आणि सासरी क्रिकेटशिवाय दुसरा खेळ कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे गेली दहा-अकरा वर्षं आमच्या घरात एफसी गोवा हरली की मला ऐकून घ्यावं लागतं. "तुमचे लोक ऐनवेळी कच खातात," असं यजमान म्हणतात. वर पुन्हा चहा मागतात.

ही ऐनवेळी कच खाण्याची गोष्ट मला बरेच दिवस डाचत होती. कारण ती निव्वळ खेळाची गोष्ट नाही, पण ते पुढे सांगते. आधी ज्या भगिनींना या संघाची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती.

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून एफसी गोवा तिच्यात आहे. भगव्या-नारिंगी रंगाचा पोशाख, गवा हे चिन्ह, आणि घरचं मैदान मडगावजवळचं फातोर्डा. २०२४-२५ पर्यंत या स्पर्धेची रीत अशी होती : आधी महिनोन्‌महिने साखळी सामने. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, गुण गोळा करायचे. मग वरच्या काही संघांना निवडून बाद फेरी. उपांत्य सामना एकदा त्यांच्या मैदानावर, एकदा आपल्या, दोन्हींचे गोल मिळवून हिशोब. आणि शेवटी अंतिम सामना. तो जिंकला त्याचा चषक. साखळीत तुम्ही पहिले होता की चौथे, हे त्या रात्री कुणी विचारत नसे.

२०१४ पासून २०२४-२५ पर्यंत या लीगचे अकरा मोसम झाले. त्यांतल्या आठ वेळा गोवा उपांत्य फेरीत पोचली. पुन्हा सांगते, अकरातून आठ वेळा. दोनदा तर साखळीत पहिला नंबर आला, २०१५ ला आणि २०१९-२० ला. दोन वेळा अंतिम सामना खेळली. आणि चषक किती? एकही नाही.

म्हणजे वर्षभर वर्गात पहिला येणारा मुलगा आणि बोर्डाच्या परीक्षेत दर वेळी काहीतरी घोळ. अशी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. तीनशे चौसष्ट दिवस स्वयंपाक चोख असतो, त्याची कुणी वाच्यता करत नाही. व्याही जेवायला आले त्या दिवशी भात करपला, की पुढची वीस वर्षं तोच भात.

आता हे सामने कसे हरले ते बघा. २०१५ चा अंतिम सामना फातोर्ड्यावरच होता, चेन्नईयिनविरुद्ध. २० डिसेंबर. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोव्याने गोल केला आणि २-१ अशी आघाडी घेतली. तीन मिनिटं उरलेली. लोकांनी फटाक्यांच्या माळा बाहेर काढल्या असतील. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वतःच्या जाळ्यात गेला, स्वयंगोल. आणि लगेच भरपाईच्या वेळेत मेंडोझाने चेन्नईचा तिसरा गोल मारला. ३-२. घरच्या अंगणात आलेली लक्ष्मी उंबऱ्यावरून परत गेली.

२०१९ चा अंतिम सामना मुंबईत, बेंगळुरूविरुद्ध. गोलच होईना. जादा वेळ सुरू झाली. त्यात गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं, संघ दहा जणांवर आला. तरी तग धरला होता. पण ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेने डोक्याने चेंडू आत घातला आणि १-० ने संपलं. भेके आपला मुंबईचाच मुलगा, म्हणजे आमच्या घरात कौतुक करायलाही लोक तयारच होते! पेनल्टीपर्यंत जायला अवघी तीन मिनिटं राहिली होती.

२०२४ चा उपांत्य सामना, मुंबई सिटीविरुद्ध, फातोर्ड्यावर पहिला टप्पा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे. मग मुंबईचे तीन गोल, नव्वदाव्या, एक्क्याण्णवाव्या आणि शहाण्णवाव्या मिनिटाला. दोन छांगतेचे, एक विक्रम प्रतापचा. सात मिनिटांत सगळा बाजार उठला. दुसरा टप्पा मुंबईत ०-२ ने गेला.

आणि २०२५. बेंगळुरूला पहिला टप्पा ०-२ हरून आलेले. फातोर्ड्यावर दोन गोल फेडले, दुसरा तर अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला. हिशोब बरोबरीत. आता जादा वेळ, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तेवढ्यात ब्याण्णवाव्या मिनिटाला सुनील छेत्रीने हेडर मारला. चाळीस वर्षांचा माणूस! आपल्यातल्या पुष्कळजणी चाळिशी आली की गुडघ्याला तेल लावून बसतात.

तर मैत्रिणींनो, दूध उतू जातं ते नेहमी आपण पाठ वळवल्यावर. तसंच हे शेवटच्या मिनिटांचं. पण मला विचाराल तर हे चारही प्रसंग एकाच पारड्यात टाकणं बरोबर नाही. २०१५ ला एक विचित्र अपघात झाला आणि त्या धक्क्यातून सावरायला वेळच मिळाला नाही. २०१९ ला माणूस कमी होता. २०२५ ला तर संघ मागून येऊन बरोबरीला आला होता, त्याला भित्रा कसं म्हणायचं? खरा न समजणारा सामना २०२४ चा. दोन गोलांची आघाडी असताना संघ मागे मागे सरकतो, आता फक्त सांभाळायचं असं मनात येतं. समोरच्याला गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, तो सगळी माणसं पुढे पाठवतो. पायही थकलेले असतात. एक गोल बसला की राखणाऱ्याचं मन डळमळतं आणि दुसरा गोल पहिल्याच्या पाठोपाठ येतो. ही गोष्ट शिकवता येते, तिचा सराव करता येतो. ते कमी पडलं, हे मान्य करायला हवं.

दुसरी एक गोष्ट माझ्या भाच्याने दाखवून दिली. परक्या मैदानावर गोव्याचा बहुतेक वेळा पाय घसरतो. उपांत्य फेरीत २०१८ ला चेन्नईत ०-३, २०२० ला चेन्नईत १-४, २०२४ ला मुंबईत ०-२, २०२५ ला बेंगळुरूत ०-२. ठळक अपवाद म्हणजे २०१९ ला मुंबईत जाऊन ५-१ ने जिंकले तो. २०२० ला तर घरी परत येऊन चेन्नईला ४-२ ने हरवलं, पण आधीचं ओझं एवढं होतं की एकूण ५-६ असं एका गोलाने राहिलं. पाहुणे म्हणून गेल्यावर जो घाबरतो त्याने घरी कितीही पराक्रम केला तरी तूट भरून निघत नाही.

त्या २०१९-२० च्या मोसमाबद्दल मात्र मला दोष खेळाडूंना द्यावासा वाटत नाही. साखळीत अठरा सामन्यांत ४६ गोल, पहिला नंबर, पहिल्या नंबराची नव्याने सुरू झालेली ढाल, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब. इतकं सगळं चांगलं चाललेलं असताना साखळीचे तीन सामने उरले आणि संघाने आपले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. आतली कारणं काय असतील ती असोत. पण लग्न चार दिवसांवर आलं आणि आचारी बदलला, असं कुणी करतं का? उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडाच्या देखरेखीखाली जिंकले, हे त्याचं श्रेय. पण चेन्नईला १-४ झालं. पुढचा भाग आणखी बोचरा आहे. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. जाहू, फॉल, बुमूस गेले, आणि आपला मंदार राव देसाईसुद्धा. पुढच्याच मोसमात, करोनामुळे सगळे सामने गोव्यातच बंद मैदानात होते तेव्हा, मुंबईने उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टीवर ६-५ ने हरवलं आणि नंतर चषकही नेला. आपणच वाटलेला मसाला शेजारणीच्या कालवणात!

आता जरा नशिबाचं बोलू. नशीब म्हटलं की शिकलेली माणसं नाक मुरडतात, पण साधा हिशोब करून बघा. समजा हळदीकुंकवाला चार चिठ्ठ्या आहेत, एकीत बक्षीस. अशी चिठ्ठी तुम्ही आठ वेळा उचललीत. शंभर बायकांनी असं केलं तर साधारण दहाजणींना आठही वेळा कोरीच चिठ्ठी येईल. त्या दहाजणी कमनशिबी म्हणा, पण त्यांच्या हातात काही खोट आहे असं कुणी म्हणेल का? उपांत्य फेरीत चार संघ असतात. आठ वेळा तिथे जाऊन हात रिकामे राहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, अशक्य नाही. आणि गोव्याचंच असं होतं असंही नाही. या लीगच्या पहिल्या चार मोसमांत साखळीत पहिला आलेला एकही संघ चषक जिंकला नव्हता. तो पहिल्यांदा जिंकला २०१९ ला, बेंगळुरू, आणि तोही नेमका गोव्यालाच हरवून.

माहेरी यावर एक जुनी खंत आहे. पूर्वी राष्ट्रीय लीगमध्ये बाद फेरीची भानगडच नव्हती. वर्षभरात ज्याचे गुण जास्त तो विजेता. त्या पद्धतीत २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षं विजेतेपद गोव्यातून बाहेर गेलं नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर, आलटून पालटून. पुढे सुपर लीग आली, फुटबॉलचा कारभार बदलला, आणि २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. एवढ्या घरांची आशा मग बव्हंशी एकाच घरावर येऊन पडली. जुनी मोजपट्टी लावली तर एफसी गोवा दोनदा विजेती ठरली असती. पण मोजपट्टी आपण ठरवत नाही.

आणि मग ते "बाद फेरीत यांना जमतच नाही" हे वाक्य. तेही खरं नाही! २०१९ ला सुपर कप जिंकला. २०२१ ला कोलकात्यात ड्युरंड कप जिंकला, मोहमेडनविरुद्ध, जादा वेळेत. मे २०२५ ला, म्हणजे छेत्रीने मारलेल्या त्या हेडरनंतर महिन्याभरात, भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० ने हरवून पुन्हा सुपर कप. आणि डिसेंबर २०२५ ला फातोर्ड्यावर ईस्ट बंगालला पेनल्टीवर ६-५ ने हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा. हे सगळे बाद पद्धतीचेच अंतिम सामने आहेत ना? जो संघ मुंबईकडून पेनल्टीवर ६-५ ने हरला, तोच तेवढ्याच आकड्याने जिंकलासुद्धा. पण एकदा नावाला चिकटलेला शेरा पुसायला कुणी ओला बोळा घेऊन बसत नाही.

कट्टीमणीचं पुढे काय झालं ते ऐकायचंय? त्या रात्री त्या मुलाला काय काय बोललं गेलं असेल याची कल्पनाच करवत नाही. गोव्याचा मुलगा, गोव्याच्या मैदानावर, स्वयंगोल. पुढे तो हैदराबादच्या संघात गेला. २० मार्च २०२२ ला लीगचा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यावरच झाला, हैदराबाद विरुद्ध केरळ. सामना १-१ असा सुटला, पेनल्टीवर गेला, आणि कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद विजेता. तेच मैदान, तोच गोलरक्षक, मध्ये सव्वासहा वर्षं. मी त्या रात्री आमच्या दिवाणखान्यात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. यजमानांनी "तुमची टीम कुठाय यात?" असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

या सव्वासहा वर्षांबद्दलच मला बोलायचं आहे. कट्टीमणीला ती मिळाली. कुणीतरी त्याला खेळत ठेवलं. एफसी गोवालाही अकरा मोसम मिळाले, आणि नवव्यांदा उपांत्य फेरीत गेली तर आम्ही नवव्यांदा आशेने टीव्हीसमोर बसू.

आमच्या भागातल्या एका शाळेत मुलींचा फुटबॉल संघ आहे. सतरा वर्षांखालचा. महिला मंडळातर्फे आम्ही त्यांना बूट आणि पायमोजे घेऊन दिले होते, म्हणून त्या मुली माझ्या ओळखीच्या. बहुतेकींच्या आया काजूच्या कारखान्यात जातात, नाहीतर दुसऱ्यांकडे घरकामाला. या मुलींनी तालुक्याच्या स्पर्धेत सगळे सामने जिंकले, एकही गोल अंगावर घेतला नाही, आणि अंतिम सामना पेनल्टीवर हरल्या. एक पेनल्टी खांबाला लागून परत आली, बस्स, एवढंच. त्याच शाळेतली मुलं पहिल्याच फेरीत चार गोल खाऊन घरी आली होती.

पुढच्या आठवड्यापासून मुलांचा सराव चालू, आणि मुलींतल्या पाचजणी येईनाशा झाल्या. मी घरोघर गेले. "हरल्या ना, झालं की आता." "किती दिवस उन्हात काळी पडणार?" "दहावी आली, बाई." दहावी मुलांचीही आलेली होती. एका घरात तर आजी म्हणाली, "जिल्ह्याला गेली असती तर पाठवली असती, आता कशाला?" मला त्या क्षणी कळलं की त्या पेनल्टीवर नुसता सामना नव्हता, त्या पोरीचं खेळणंच लागलं होतं. जिंकली असती तर पुढचं वर्ष मिळालं असतं. मुलगा हरला तर "पुढच्या वर्षी बघू," मुलगी हरली तर "बघितलं ना." अशा बोलीवर खेळणाऱ्या मुलीचा पाय पेनल्टी मारताना थरथरला नाही तर नवल. मोठमोठे परदेशी खेळाडू, लाखांचे करार झालेले, त्यांनाही शेवटच्या पाच मिनिटांत जमत नाही. आणि आपण पंधरा वर्षांच्या पोरीला एका लाथेवर तोलतो.

शाळेतल्या सरांनीही "मुलींचं मन कच्चं असतं, दडपण झेपत नाही" असं मला ऐकवलं. मी त्यांना एफसी गोव्याचे आठही मोसम तोंडपाठ म्हणून दाखवले. त्या संघात मला तरी कुणी मुलगी दिसलेली नाही. सर हसले, पण मैदानाची वेळ मात्र बदलून दिली नाही. साडेपाचनंतर मुलींना मिळतं, तोवर मुलांचं क्रिकेट चालतं, आणि थंडीच्या दिवसांत सव्वासहाला अंधार पडतो. पाऊण तासात काय पेनल्टीचा सराव करणार?

पाचांपैकी तिघी परत आल्या आहेत. एकीच्या आईनेच तिला मागे लागून पाठवलं. त्या आईला लहानपणी लंगडीत जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं म्हणे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. चौथीच्या घरी लग्नाची बोलणी चालू आहेत, तिथे फुटबॉलच्याही आधी वयाच्या दाखल्याचा विषय काढावा लागणार आहे, आणि तो मी काढणारच आहे. पाचवी, जिची पेनल्टी खांबाला लागली ती, अजून दारातच उभी राहते, "काकी, नको" म्हणते. रविवारी पुन्हा जाते. कट्टीमणीचा तो २०२२ चा सामना भाच्याकडून मोबाईलवर घेऊन ठेवला आहे.